आलेखाबाहेरची तहान

शुद्धलेखनाच्या चुका आणि साधे शब्द सांभाळून घ्यावेत. माझी शाळा आठवीत सुटली. आता मी वायरमन आहे. वर्गातलं कानावर पडावं म्हणून पंखा दुरुस्त करायला मी मुद्दाम वेळ लावतो, हेही आधीच सांगून टाकतो.

एकदा एका विद्यापीठात एक वृद्ध प्राध्यापक सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवत होते. ऑक्टोबरचं ऊन होतं आणि मोटर जळाल्यामुळे नळ कोरडे होते. त्यांच्या वर्गातला पंखा दुरुस्त करत मी सकाळपासून शिडीवर होतो. जीभ टाळूला चिकटली होती. सरांनी टेबलावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला.

"लिलाव. बोला."

"सर, मग तुमच्या घशाचं काय?" एका मुलाने विचारलं.

"मी विक्रेता. विक्रेत्याला घसा नसतो."

वर्ग हसला. दहा, वीस, चाळीस. शेवटी साठ रुपयांना एका मुलाने तांब्या घेतला. तो दोन घोट प्याला आणि उरलेल्या पाण्यात रुमाल भिजवून त्याने मानेवर ठेवला.

सरांचा आवडता शिष्य श्रीरंग याने फळ्यावर आलेख काढला. "सगळ्यांची मागणी यात आली, सर."

"सगळ्यांची?" सरांनी वर बोट दाखवलं. "हे दादा सकाळपासून पाण्यावाचून आहेत. ते कुठे आहेत?"

श्रीरंगचा खडू फळ्यावरच थबकला. "पण... ते बोललेच नाहीत."

"तुझा आलेख खोटा नाही," सर शांतपणे म्हणाले. "पण तो फक्त बोली लावणाऱ्यांचा आहे. जो बोलत नाही, त्याची मागणी इथे शून्य धरली जाते. त्याची तहान मात्र शून्य नसते. हे विसरलास तर पहिला येऊनही नापास."

मग सर माझ्याकडे वळले.

"आणि दादा, तुम्ही का नाही बोललात? साठ रुपये नव्हते?"

"होते, सर."

"मग?"

खिशात दोनशे रुपये होते. हा लिलाव माझ्यासाठीही आहे, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मी शिडी घट्ट धरली.

श्रीरंग पळत दुसऱ्या इमारतीत गेला आणि भरलेली बाटली घेऊन आला. मी पिऊन होईपर्यंत तो शिडीचा पाय धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी मी माझ्या जुन्या शाळेत गेलो. कचेरीच्या खिडकीशी उभा राहिलो आणि दहावीला बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म मोठ्याने मागितला.