तुळाजीची दोन दुखणी

ज्या काळी गावाला वेस होती आणि दिवेलागणीला वेशीचं दार लागायचं, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. आणि ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे, त्यांनी जरा जवळ सरकून ऐकावी.

नदीकाठच्या एका गावात तुळाजी नावाचा पानमळेवाला राहत होता. त्याच्या मळ्यात विड्याच्या पानांचे वेल शेवरीच्या उंच झाडांवर चढत आणि शिडी लावून त्यांच्यामागे तुळाजी चढे. वर बसून वेल बांधता बांधता तो वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाशी बोले. "कुठं निघालास?" "पोरीचा ताप उतरला का?" "बैल लंगडतोय रे तुझा, पाय बघ त्याचा!" सत्तरी आली तरी त्याची शिडी सुटली नव्हती आणि बोलणंही सुटलं नव्हतं.

त्याची बायको गोजराबाई. वयाने नवऱ्याच्या बरोबरीची, अंगाने किडकिडीत आणि बोलायला सडेतोड.

एका हिवाळ्यात तुळाजीचे गुडघे सुजले. आधी उतरताना कळ यायची, मग चढतानाही येऊ लागली. एके सकाळी शिडीवरून पाय सटकला. लागलं फारसं नाही, पण मुलगा सिदू घाबरला. त्याने बापाला धरून घरी आणलं आणि म्हणाला, "आबा, आता तुम्ही शिडीला हात लावायचा नाही. जन्मभर राबलात. आता फक्त आराम करा."

मुलाच्या बोलण्यात मायाच होती. सुनेनेही मायेनेच त्याचं ताट जागेवर आणून द्यायला सुरुवात केली. पाण्याचा तांब्या उशाशी आला, अंघोळीचं पाणी दाराशी आलं. तुळाजीला उठायचं कारणच उरलं नाही.

आधी तो ओट्यावर बसायचा. मग ओटा सुटला, खाट आली. पहाटे कोंबडं आरवायच्या आधीच त्याला जाग येई आणि तो आढ्याकडे बघत पडून राही. कुणी भेटायला आलं तर तोंड फिरवी. ताटातली भाकरी तशीच परत जाऊ लागली.

"भूक नाही," एवढंच तो म्हणे.

गोजराबाईने शेजारणीला सांगितलं. शेजारीण म्हणाली, "वय झालं गं, असंच असतं." पाटील म्हणाले, "वय झालं, चालायचंच." सिदूसुद्धा म्हणाला, "आई, आबांचं वय झालंय."

गोजराबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "वय माझंही तेवढंच झालंय. मी दोन भाकऱ्या खाते आणि वर तुमच्याशी भांडते. मला का नाही असं झालं?"

ती नावेत बसली, नदीपल्याड गेली आणि वैद्यबुवांना घेऊन आली.

वैद्यबुवा हुशार होते. त्यांनी गुडघे चाचपले, निर्गुडीच्या पाल्याचा शेक सांगितला, लेप दिला, पोटात घ्यायला काढा दिला. औषध चांगलं होतं. महिन्याभरात सूज ओसरली. वैद्यबुवा पुन्हा येऊन पाय वाकवून बघून म्हणाले, "गुडघा चालण्याजोगा झाला आहे. आता हळूहळू फिरू लागा."

पण तुळाजी काही फिरला नाही.

आता गावाची भाषा बदलली. "दुखणं गेलं, लाड राहिले," असं लोक म्हणू लागले. सिदूही वैतागला. "आबा, वैद्य म्हणतात तुम्ही बरे झालात. उठा की! किती दिवस झोपून राहणार?"

तुळाजीने भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसापासून त्याने पेजही नाकारली. आणि गंमत बघा, पडून राहिल्याने बरे झालेले गुडघे पुन्हा आखडले, पुन्हा दुखू लागले.

एका संध्याकाळी गोजराबाई त्याच्या उशाशी बसली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "माझ्या नावाचं पीठ भिजवत जाऊ नकोस. वाया जातं."

हा माणूस पिठाबद्दल बोलत नाहीये, हे गोजराबाईला कळलं. रात्रभर ती त्याचा हात धरून बसली आणि उजाडताच पहिल्या नावेने वैद्यबुवांच्या दारात जाऊन उभी राहिली.

वैद्यबुवा म्हणाले, "गोजराबाई, गुडघ्याचं होतं ते मी केलं. वयाला काही औषध नसतं."

"वयाचं औषध मागायला मी आलेच नाही," गोजराबाई म्हणाली. "म्हातारपण काय एका हिवाळ्यात येतं? ते केस पिकवत पिकवत सावकाश येतं. माझा नवरा दिवाळीला हसत होता आणि होळीला जगायला कंटाळला. एवढ्यात जे येतं ते म्हातारपण नव्हे, वैद्यबुवा. तो आजार आहे. तुम्ही बघा."

वैद्यबुवांनी पायात वहाणा घातल्या.

या खेपेला त्यांनी गुडघ्याला हात लावला नाही. खाटेजवळ पाट घेऊन बसले आणि विचारलं, "तुळाजी, झोप कशी लागते?"

"लागते. पहाटे मोडते."

"मग पडल्या पडल्या मनात काय येतं?"

वैद्यबुवांनी घाई केली नाही. शेवटी तुळाजी बोलू लागला.

"वाटतं, मी आता अडगळ झालो. सगळे माझं करतात, मी कुणाचं काही करत नाही. वाटतं, आपण गेलो तर ही सगळी सुटतील." आणि जन्मात कुणासमोर न रडलेला तो माणूस हुंदके देऊन रडू लागला. "मी असा नव्हतो हो! मला काय झालंय तेच कळत नाही."

वैद्यबुवांनी त्याचा हात हातात घेतला. "तुम्हाला दुखणं झालंय, तुळाजी. तुमचा स्वभाव बिघडला नाही, की तुम्ही नाटकही करत नाही. गुडघ्याची सूज मनावर चढली. गुडघ्यावरची मी उतरवली, मनावरची मला दिसली नाही. आणि मन खचलं तसा गुडघा पुन्हा आखडला. ही दोन दुखणी एकमेकांना पोसताहेत."

"यावर औषध आहे?" गोजराबाईने विचारलं.

"आहे. झोपेसाठी आणि भुकेसाठी मी देतो. पण बाकीचं औषध तुम्हा सगळ्यांना मिळून द्यावं लागेल. त्यांना रोज उन्हात न्या. एकटं जेवू देऊ नका. जे त्यांना करता येतं, ते तुम्ही करू नका. मनात काळं काही आलं की त्यांनी बोलायचं आणि घरच्यांनी मध्ये न तोडता ऐकायचं. सध्या त्यांना एकटं सोडू नका. आणि मी दर आठवड्याला येईन, गुडघा बघायला आणि विचारपूस करायला."

सिदू दारात उभा राहून ऐकत होता. तो बापाच्या पायाशी येऊन बसला. "आबा, मला वाटलं तुम्हाला विसावा मिळावा."

"विसावा दिलास रे," तुळाजी डोळे पुसत म्हणाला. "पण मला विचारलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी ऊन कोवळं असतानाच गोजराबाईने नवऱ्याला उठवलं. दोघं अंगणापर्यंत गेली आणि परत आली. तेवढ्यानेच तो दमला. पुढच्या दिवशी कुंपणापर्यंत. कधी सिदू सोबत जाई, कधी पाटील येत. पाटील पहिल्या दिवशी ओशाळलेले होते. काय बोलावं ते न सुचून त्यांनी आपल्याच दातदुखीचं रडगाणं लावलं, आणि तुळाजी त्यांना लवंग धरायला सांगू लागला.

सगळं सरळ झालं असं नाही. मध्येच एखादी सकाळ अशी यायची की तुळाजी पुन्हा भिंतीकडे वळायचा. अशा वेळी गोजराबाई त्याला रागावत नसे. पानांची टोपली घेऊन ती खाटेजवळ बसे आणि कोवळी पानं, जून पानं वेगळी करू लागे. थोड्या वेळाने एक सुरकुतलेला हात टोपलीत येई. "हे पान कसलं घेतलंस? डागी आहे," तो कुरकुरे. गोजराबाई मनातून हसे आणि टोपली त्याच्याकडे सरकवे.

चालू लागल्याने गुडघा मोकळा झाला. गुडघा मोकळा झाल्याने झोप लागू लागली. झोप लागल्याने भाकरी गोड लागू लागली. मळ्याची पाणी-पाळी कधी द्यायची, वाढलेले वेल कधी खाली उतरवायचे, हे सिदू आता बापाला विचारून ठरवू लागला. पावसाळ्यात एकदा दुखणं उलटलं, तर तुळाजीने स्वतःच निरोप धाडून वैद्यबुवांना बोलावून घेतलं.

शिडी मात्र तो पुन्हा चढला नाही. गुडघे पहिल्यासारखे कधीच झाले नाहीत.

पुढच्या वैशाखात डोंगरावरच्या गावात, लेकीच्या घरी, नातवाचं लग्न निघालं. गाडी पायथ्याशी थांबे; पुढची चढण पायीच होती. सिदू म्हणाला, "आबा, डोली करू?" तुळाजी म्हणाला, "आधी चालून बघतो. नाही जमलं तर सांगतो." एका हातात काठी, दुसरा गोजराबाईच्या खांद्यावर. दर वळणावर दगडावर टेकत, पाणी पीत, म्हातारा-म्हातारी ऊन तापायच्या आत वर पोहोचली.

लेक धावत दारात आली. आजारपणात तिने बापाला पाहिलं होतं, ते भिंतीकडे वळलेलं. ती बघतच राहिली. मग भीत भीत तिने विचारलं, "आबा, बरे आहात ना?"

तुळाजी सगळ्या पाहुण्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "गुडघा ठणकतोय, पोरी. आणि एवढी माणसं बघून मनही जरा धास्तावलंय. पाट मांड, शेजारी बस आणि काहीतरी खायला दे."

लेकीने पाट मांडला आणि ती बापाच्या शेजारी बसली.

तात्पर्य : म्हाताऱ्या माणसाचं शरीर आणि मन एकत्रच आजारी पडतात आणि एकत्रच बरी होतात, म्हणून त्याच्या दुखण्याला वय म्हणून सोडून देऊ नये, दोहोंची विचारपूस करावी.