बावीस सुयांनंतर

“कशावरून?”

मोहोळकर सरांनी एवढंच विचारलं.

श्रीकरचं टाळकंच सटकलं. यमुनाबाई समोर धापा टाकतायत. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचून हृदय चेपलंय, ब्लड प्रेशर सत्तरवर घसरलंय. त्याने छातीत सुई घातली, सिरिंजमध्ये लाल पाणी आलं. आणि सर विचारतायत, कशावरून!

“सर, सुई पिशवीतच आहे. अशा बावीस प्रोसिजर केल्यात मी. लॉगबुकात आहेत.”

“मग हे लाल का?”

“पिशवीतलं पाणी असतं कधीकधी रक्ताळलेलं.”

“आणि हृदयातलं रक्त कसं असतं रे?”

श्रीकरने नळी उचलली.

सुईच्या वाटेने जाड नळी सरकवायची तेवढी बाकी होती. सुई चुकून हृदयातच असली, तर नळीने हृदयाला मोठं भोक पडलं असतं.

सरांनी दोन सिरिंजांमध्ये सलाइन आणि थेंबभर हवा घेतली. इकडून तिकडे, तिकडून इकडे घुसळली. ताकासारखा फेस आला.

“घाल आत.”

“सर, आपण पाणी काढायला आलोय!”

“म्हणूनच. घाल.”

त्यांनी सोनोग्राफीचा पडदा त्याच्याकडे वळवला. श्रीकरने जरा धुसफुसतच दट्ट्या दाबला.

बुडबुडे चमकले... हृदयाच्या आत. पिशवीत एकसुद्धा नाही.

श्रीकरचं धाबं दणाणलं. अरे देवा, नळी सरकवली असती तर!

“झालं का हो डॉक्टर?” यमुनाबाईंनी क्षीण आवाजात विचारलं.

“होतंय, बाई,” सर म्हणाले. मग श्रीकरला हळूच, “मागे ये. सावकाश.”

तो केसाकेसाने मागे आला. सिरिंज ओढली. पुन्हा लालच. अगदी तस्संच लाल.

आता त्याने स्वतःहून फेसाळ सलाइन मागितलं. दट्ट्या दाबला. या वेळी बुडबुडे हृदयाबाहेर, पिशवीत पसरले. मगच त्याने नळी सरकवली.

पाणी निघू लागलं. प्रेशर नव्वद... शंभर. यमुनाबाईंनी कितीतरी वेळाने पोटभर श्वास घेतला आणि डोळे मिटले. श्रीकरला रडूच कोसळायचं बाकी होतं.

हातमोजे काढून त्याने लॉगबुक उघडलं. पेन हातात तसंच राहिलं. मागच्या बावीस नोंदींवरून त्याची नजर फिरली. त्यातल्या एकीच्याही वेळी त्याने सुई नक्की कुठे आहे हे असं पाहिलं नव्हतं.

“सर... ही कितवी लिहू?”

सर हात धूत होते.

“पहिली.”