रोज सेहेचाळीस

“एकशे एकाहत्तर! मार्चमध्ये शेवटाला एकशे नव्वदपर्यंत जायचे ठोके, आता तेवढे जातच नाहीत. म्हणजे हृदय मजबूत झालं ना, सर?”

कांचन हुलगे ट्रेडमिलचा दांडा धरून उभी होती. घामानं नुसती निथळत होती, पण मान ताठ.

शिकलगार सर काही बोलले नाहीत.

त्यांची ही सवयच आहे. मी, मालन जंगम, पंधरा वर्षं त्यांच्या या खोलीत यंत्रं लावते आणि आकडे उतरवून घेते. तरी त्यांच्या या गप्प बसण्याची मला अजून चीड येते. अहो, पोरगी विचारतेय, काहीतरी बोला की!

सर डॉक्टर आहेत, पण आजाऱ्यांचे नव्हेत. धडधाकट खेळाडू कशानं दमतो, किती दिवसांत ताजा होतो, सराव कधी वाढवायचा आणि कधी आवरायचा, हे ते मोजून सांगतात. साताऱ्याच्या स्टेडियममागची ही एक खोली, तिच्यात एक ट्रेडमिल, एक कॉट आणि आम्ही दोघं. एवढाच आमचा कारभार.

कांचन पाच हजार मीटर पळते. माणदेशातली, म्हसवडकडची पोर. मार्चमध्ये तिनं सोळा मिनिटं बावन्न सेकंद लावले, तेव्हा स्टेडियमच्या माळ्यापासून सगळे तिच्या नावानं पेढे मागत होते. त्यानंतर काय झालं कोण जाणे. एप्रिलमध्ये सतरा दहा. मेमध्ये सतरा चाळीस.

आणि पुण्यातली निवड चाचणी अठरा दिवसांवर आली होती. त्यात नाव आलं तर राष्ट्रीय स्पर्धा. नाही आलं तर हॉस्टेलची जागा जाणार, गाशा गुंडाळून घरी, आणि पळणं तिथंच संपणार. हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

“सर, मजबूत झालं ना?” तिनं परत विचारलं.

“मार्चमध्ये किती मिनिटं पळालीस यावर?”

“अकरा.”

“आज?”

“...नऊ.”

“मग?”

तिनं दांडा सोडला. मग म्हणाली, “ते आज जरा पाय जड होते.”

सरांनी हात पुढे केला. “वही.”

ही वही म्हणजे सरांचा नियम. सकाळी डोळा उघडला की अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावर बोटं ठेवायची, मिनिटभर नाडी मोजायची आणि लिहायची. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक खेळाडू हे करतो. कांचनची वही तर कव्हर घातलेली, तारखा लाल पेनानं.

सरांनी पानं उलटली. मी मागून डोकावले.

सेहेचाळीस. सेहेचाळीस. सेहेचाळीस... दहा आठवडे, रोज सेहेचाळीस.

“एकही दिवस चुकवला नाही, सर,” कांचन म्हणाली. “इतकी शिस्त दुसऱ्या कुणाची असेल तर दाखवा.”

सरांनी वही मिटली. माझ्याकडे पाहिलं.

“मालनबाई, तुमची नाडी मोजा.”

“माझी? मी काय स्पर्धेला चाललेय?”

“मोजा.”

मोजली. अठ्ठ्याहत्तर.

“परत.”

माझं डोकं फिरलं. अर्धी कामं पडली होती. ब्याऐंशी.

“परत.”

शहात्तर.

मग सरांनी आपला हात कांचनपुढे धरला. तिनं बोटं ठेवली. चौसष्ट. परत, सहासष्ट. तिसऱ्यांदा त्रेसष्ट.

ती मोजत होती आणि तिचा चेहरा उतरत होता.

“जिवंत माणसाची नाडी हलते,” सर हळू म्हणाले. “ही वही कुणाची आहे?”

...

कांचननं माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि एकदम कॉटवर बसली. रडूच फुटलं तिला.

“पहिल्या दिवशी खरंच सेहेचाळीस होती, सर. खोटं नाही. मग पन्नास आली. मला वाटलं, मोजायला चुकले. पडून राहून परत मोजायचे, परत मोजायचे. मग कितीही वेळ पडलं तरी येईचना खाली. मग... लिहायचे.”

“आज किती होती?”

“एकसष्ट.”

“कोचना का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर त्यांनी सराव कमी केला असता! बाकीच्या पळणार आणि मी बसणार? वेळ घसरायला लागली तशी मी दुपारी गुपचूप यवतेश्वरचा घाट चढून यायला लागले. कुणाला कळू न देता. तरी वेळ घसरतेच. मग आणखी एकदा चढायचे.”

मला तिचा राग आला. भर मे महिन्यात, दुपारी, घाट! आणि त्याच वेळी कीवही आली, कारण हे सगळं ती एकटीनं करत होती.

“झोप?” सरांनी विचारलं.

“डोळा लागतो आणि परत उघडतो.”

“पाय?”

“जिना चढताना सुद्धा भरून येतात.” तिनं बाहीनं नाक पुसलं. मग अगदी बारीक आवाजात, “सर, माझं संपलं का? आत काही बिघडलंय का? खरं सांगा. मी ऐकून घेईन.”

सरांनी टेबलावरचा लिफाफा उघडला. आठ दिवसांपूर्वीच त्यांनी तिला सरकारी दवाखान्यात धाडलं होतं. रक्त, हृदयाचा आलेख, सगळं.

“दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं पाहिलंय. हृदय नीट आहे. रक्त नीट आहे. काही बिघडलेलं नाही.”

“मग ठोके वर का जात नाहीत?”

“दमलीस.”

“एवढंच?”

“एवढंच.”

तिनं इतका मोठा श्वास सोडला की मलाच बरं वाटलं. पण माणदेशी पोर ती! डोळे पुसून लगेच उभी राहिली. “मग काय करू सांगा. काहीही सांगा, करते.”

“आजपासून पाच दिवस पळायचं नाही.”

“सकाळी का संध्याकाळी?”

“अजिबात नाही.”

झालं! अंगाचा नुसता तिळपापड. “सर, चाचणीला अठरा दिवस राहिलेत! पाच दिवस बसले तर आहे तेवढंही जाईल!”

“जाऊ दे. गेलं की मला सांग.”

“आणि तोवर मी करू काय?”

सर उठले. खडूचा तुकडा घेतला, तिच्या उजव्या हाताच्या बोटांना खडू चोळला आणि तिला भिंतीशी उभं केलं. त्या भिंतीवर आम्ही काळ्या रंगाचा उभा पट्टा मारून घेतलाय. पायांत किती जोर शिल्लक आहे ते पाहायची ती सरांची साधी रीत. उभ्या जागेवरून उडी मारायची आणि जमेल तितक्या वर बोटं टेकवायची.

“उडी.”

तिनं उडी मारली. पांढरी खूण उमटली. मार्चमधली तिची खूण मी तारखेसकट जपून ठेवली होती. आजची तिच्यापेक्षा चार बोटं खाली.

कांचन त्या दोन खुणांकडे बघत राहिली.

“रोज सकाळी ये,” सर म्हणाले. “नाडी खरी लिहून आण. एक उडी मार. हॉस्टेलवर जा. तुझ्या कोचना मी फोन करतो.”

“एकच उडी?”

“एकच.”

दुसऱ्या दिवशी आली ती तोंड फुगवून. नाडी साठ. उडी मारली तर खूण कालच्यापेक्षा अर्धा बोट खालीच.

“बघा! सांगत नव्हते मी?”

सर रजिस्टरात काहीतरी लिहीत बसले. वर बघितलं सुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी अठ्ठावन्न. खूण पहिल्या दिवसाएवढी. त्या दिवशी ती जायलाच तयार नव्हती. “ताई, बाहेर सगळ्या पळतायत. कमीत कमी दोन फेऱ्या? हळू?” माझ्या कानाशी कुजबुजत होती. मी म्हटलं, “माझ्या मनगटावर बोटं ठेव आणि बघ तुझ्यापायी काय झालंय ते.” हसली बिचारी. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली असेल.

सरांना मात्र ऐकू गेलं होतं.

“पळायचंय?”

“हो सर.”

“कशाला?”

ती चप्पल घालून निमूट गेली.

चौथ्या दिवशी उशिरा आली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. “सर, माफ करा, जागच आली नाही. नऊ तास झोपले!” चोरी पकडल्यासारखी सांगत होती. नाडी बावन्न. उडी मारली, आणि मी खुर्चीतून उठले. पहिल्या दिवशीच्या खुणेच्या दोन बोटं वर.

कांचननं हात बघितला, भिंत बघितली. “मी तर काहीच केलं नाही!”

“हो,” सर म्हणाले.

पाचव्या दिवशी एकोणपन्नास आणि मार्चच्या खुणेला बोटं टेकली.

सहाव्या दिवशी सकाळी ती दारातूनच ओरडत आली, “सत्तेचाळीस! सर, सत्तेचाळीस! आणि एकदाच मोजली, शप्पथ!” खडू स्वतःच चोळला. उडी मारली. मार्चच्या खुणेवर बोटभर.

ट्रेडमिलवर चढवलं. नऊ मिनिटं झाली, दहा झाली. ठोके चढत होते. एकशे पंचाहत्तर, ऐंशी, पंच्याऐंशी... मी आकडे मोठ्यानं वाचत होते. अकरा मिनिटं चाळीस सेकंदांना तिनं हात वर केला. एकशे एक्याण्णव.

माझा जीव भांड्यात पडला. कांचन जमिनीवर आडवी पडून धापा टाकत हसत होती. हसता हसता रडत होती. आणि सर? सर खिडकी उघडत होते, खोलीत उकडतं म्हणून.

पुढचे दिवस सरांनी आणि कोचनी मिळून तिला आखून दिले. बहुतेक सगळे हळू पळायचे, बोलत बोलत पळता येईल इतके हळू. मधे दोनच दिवस जोराचे. घाट नाही. ती कुरकुरली, पण ऐकलं. वहीत सत्तेचाळीस येई, एकोणपन्नास येई, एकदा त्रेपन्न आली. ती त्रेपन्न तिनं लाल पेनानं लिहिली होती. त्या दिवशी कोचनी जोराचा सराव पुढे ढकलला, आणि ती हूं की चूं न करता हॉस्टेलवर परतली.

चाचणीच्या दिवशी मी सकाळी सातपासून खोलीत येऊन बसले होते. काम काही नव्हतं. सर आले, त्यांनी खुर्ची ओढली, पेपर उघडला. पाऊण तास एकच पान वाचत होते, म्हणून मला कळलं की तेही फोनचीच वाट बघतायत.

साडेनऊची शर्यत. दहाला दहा कमी असताना फोन वाजला. मी झडप घालून स्पीकर लावला.

“सर! सोळा एकेचाळीस! दुसरी आले! नाव आलं, सर, नाव आलं!”

मी टेबलावर असा हात आपटला की पेल्यातलं पाणी रजिस्टरावर सांडलं. रडू आवरेना मला. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला, परत काढला.

“छान,” म्हणाले.

“सर, ऐका ना. शेवटच्या तीन फेऱ्या राहिल्या तेव्हा वाटलं, आता पाय बसणार. बसलेच नाहीत! उलट वेग वाढला. बारामतीची ती मुलगी आहे ना, दर वेळी मला मागं टाकणारी, तिच्या बाजूनं गेले मी! कुठून आलं हे एवढं? सांगा ना, सर.”

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“आणि सर, राष्ट्रीयला अडीचच महिने आहेत. मी मनात सगळं ठरवलंय. सोमवारपासून सुरू करते. किती वाढवू? कोचना मी सांगते, तुम्ही फक्त आकडा सांगा.”

...

पलीकडे मैदानातला गोंधळ ऐकू येत होता. कुणीतरी कर्ण्यावरून पुढच्या शर्यतीची नावं पुकारत होतं. सर खिडकीबाहेर बघत होते. मी हातानं खुणा करत होते, बोला हो, पोरगी वाट बघतेय!

“कांचन,” शेवटी ते म्हणाले, “शर्यतीनंतर पोटात काही गेलं का?”

“अं? नाही अजून. रेषा ओलांडली आणि आधी तुम्हालाच फोन लावला.”

“मग ठेव फोन. खाऊन घे काहीतरी.”