खाली गेलं, वरून आलं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कावळे माणसांशी बोलत आणि माणसंही त्यांचं ऐकून घेत. कावळे आजही बोलतात म्हणा, पण आपल्याला कुठं वेळ आहे.

एका राज्यात नदीच्या काठी खाटीक आळी होती. तिथलं मटण मुलखात नावाजलेलं. हळद-मीठ लावून उन्हात वाळवलेलं मटण त्या आळीनं करावं आणि वाटसरूनं शिदोरीला न्यावं, असा रिवाजच पडला होता.

आळीचा म्होरक्या सटवाजी. मिशा भरघोस, आवाज खणखणीत आणि मन मोठं. त्याच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही. पण एक खोड त्याला होती, तीच सगळ्या आळीला होती. रक्त, आतडी, खुरं, मटण धुतलेलं पाणी, जे जे नको ते सगळं नदीत जायचं. बरं, त्याला ते ‘टाकलं’ म्हणत नसत. ‘खाली गेलं’ म्हणत.

बायकोनं विचारावं, "कालची घाण कुठाय?" नवऱ्यानं म्हणावं, "खाली गेली." झालं, विषय संपला. खाली म्हणजे नेमकं कुठं, हे कुणी विचारलं नाही. पाणी पुढं वळणाआड जायचं, आणि वळणापलीकडचं आळीतून दिसत नव्हतं.

नदीकाठच्या खालच्या गावांना मात्र चांगलंच दिसत होतं. नाकालाही कळत होतं. ती माणसं राजाकडे गाऱ्हाणं घेऊन गेली.

राजा भला होता, पण जरा घाईचा. त्यानं दवंडी पिटवली आणि आळीवर शिपाई बसवले. आता दारात आलेल्याला आळी उपाशी ठेवील होय? रोज दुपारी शिपायांना सुकं मटण आणि गरम भाकरी मिळू लागली. शिपाई पोटभर जेवायचे, पिंपळाखाली पसरायचे, आणि ते उठेपर्यंत सगळं खाली गेलेलं असायचं.

शिपायांनी राजाला सांगितलं, "महाराज, आमच्या डोळ्यांदेखत एक थेंबही नदीत गेला नाही." खोटं नव्हतं ते. डोळे मिटलेले होते, एवढंच.

मग राजाला वाटलं, धाकानं होत नाही तर गोडीनं करू. सगळ्यात स्वच्छ वाड्याला भरजरी फेटा, असं त्यानं जाहीर केलं. पाहणीच्या दिवशी आळीनं सडे घातले, रांगोळ्या काढल्या. फेटा सटवाजीला मिळाला. पाहणीसाठी दडवून ठेवलेले ढीग संध्याकाळी एकदमच खाली गेले, आणि दुसऱ्या दिवशी नदी लाल वाहिली.

आता मात्र राजा संतापला. "जत्रेपर्यंत नदी निवळली नाही, तर ही आळी उचलून डोंगरापलीकडे नेईन," असं त्यानं बजावलं.

डोंगरापलीकडे पाणी नव्हतं, रस्ता नव्हता, गिऱ्हाईक तर नव्हतंच. तिथं जाणं म्हणजे आळी बुडणं. जत्रेला काही महिनेच होते. सगळे सटवाजीच्या ओट्यावर जमले.

सटवाजीचा शेजारी रावबा म्हणाला, "मी एकट्यानं हात आवरून काय होणार? बाकीच्यांचं खाली जातच राहणार." त्याच्या शेजारच्यानंही तेच म्हटलं, आणि त्याच्याही शेजारच्यानं. प्रत्येकाचं म्हणणं खरं होतं आणि काम मात्र तसूभरही हललं नाही. लोक आले तसे उठून गेले.

सटवाजीचं मन लागेना. त्यानं ठरवलं, लेकीला भेटून यावं आणि जत्रेचं आवतण द्यावं. एकुलती एक लेक होती त्याची, सगुणा. नदीकाठच्याच गावी दिलेली. वाळवलेल्या मटणाची टोपली खांद्यावर घेऊन तो काठाकाठानं निघाला.

सगुणाचं सासर घाटाला लागून होतं, पण ती घरात नव्हती. बऱ्याच वेळानं आली. कडेवर लहान पोर, डोक्यावर घागर, आणि घामानं निथळलेली.

"अगं, नदी दारात असताना पाणी कुठनं आणलंस?" सटवाजीनं विचारलं.

"डोंगरातल्या झऱ्यावरनं. नदीचं पिऊन या लेकराचं पोट बिघडतंय, आबा. वरून येतं ना."

"काय येतं वरून?"

सगुणानं घागर उतरवली. "ते तुम्हीच सांगा. तुम्ही त्याला खाली गेलं म्हणता. आम्ही त्याला वरून आलं म्हणतो."

लेक दिली तेव्हा सगळ्या आळीला सटवाजीनं मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, पोरगी खाली दिली म्हणून. ही खाली आणि ती खाली एकच, हे त्याला आज कळलं. त्याला फार लाज वाटली. नातवाकडं त्याला बघवेना.

तेवढ्यात व्याही मळ्यातून आले. सटवाजीनं टोपली पुढं केली. व्याह्यांनी हात जोडले.

"राहू द्या, पाव्हणं. तुमच्या आळीचं आम्हाला नदीतनं फुकट मिळतंय की."

म्हणाले हसत, पण टोपलीला हात लावला नाही. "खरं सांगू? या काठच्या एकाही गावात आता तुमचा माल कुणी घेत नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

सटवाजीला ठाऊक नव्हतं. इकडचं गिऱ्हाईक का आटलं म्हणून तो देवाला कौल लावत होता.

व्याह्यांनी त्याला मळ्यात नेलं. वांग्याची रोपं पिवळी पडली होती. ते म्हणाले, "माझी माती उपाशी आहे आणि तुम्ही तिचं जेवण नदीला घालताय. खड्डे खणा. घाणीवर पालापाचोळा घाला, राख घाला, झाकून कुजू द्या. खत झालं की बैलगाडी मी लावतो."

निघताना सटवाजी लेकीला म्हणाला, "जत्रेला येशील ना?"

"येईन. पण येताना आमच्या घाटावरचं पाणी आणीन. ते तुम्ही प्यायचं. पिणार असाल तर येते."

सटवाजीनं होकारार्थी मान डोलावली.

तो घरी न जाता तडक राजाकडे गेला आणि फेटा पुढं ठेवला. "महाराज, हा चुकून माझ्याकडे आला. याच्या बदल्यात आळीमागची पडीक जमीन द्या. खड्डे खणायला आम्हाला जागाच नाही."

राजा चकित झाला. जागेचं कुणी आजवर बोललंच नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं. त्यानं जमीन दिली आणि वर म्हणाला, "खत चांगलं झालं, तर माझ्या बागेलाही तेच घेईन. पण जत्रेचा हुकूम कायम आहे, बरं का."

सटवाजी कामाला लागला. खड्डे खणले. मटण धुतलेल्या पाण्याला चर काढला, चरात वाळू-गोटे भरले आणि पुढं कर्दळीचा ताटवा लावला. पाणी गाळत गाळत कर्दळीत मुरू लागलं. रावबा गल्लीभर सांगत सुटला, "म्होरक्या म्हातारपणी माळी झाला." सगळे खो खो हसले. सटवाजीही हसला आणि पुन्हा कुदळ मारू लागला.

पण मग व्याह्यांची गाडी आली. खत घेऊन गेली आणि पुढच्या खेपेला टपोरी वांगी घेऊन आली. गाडीमागून खालच्या गावांची गिऱ्हाइकं येऊ लागली. ती आळीत शिरून एकच विचारायची, "खड्डेवाल्यांचं दुकान कुठलं?"

रावबा दारात माशा मारत बसायचा. एका सकाळी तो कुदळ घेऊन सटवाजीकडे आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "खड्डा किती खोल लागतो रे?"

"माळी व्हायचंय वाटतं," सटवाजी म्हणाला. आणि लगेच त्याच्याबरोबर खणायला गेला. रावबाचा खड्डा झाला तसे बाकीचेही उठले. म्हणता म्हणता आळीमागं कर्दळीचं बन उभं राहिलं.

जत्रेच्या दिवशी राजा स्वतः आला. या खेपेला त्यानं शिपायांना विचारलं नाही. लिंबाच्या झाडावर एक कावळा मान पाडून बसला होता, त्याला विचारलं, "काय रे, या आळीचं कसं काय चाललंय?"

कावळा म्हणाला, "महाराज, न्याय करा. आमच्या पिढ्या या आळीवर पोसल्या. आता आतडं नाही, खूर नाही, काठावर टोच मारायला काही नाही. सगळं पुरून टाकतात मेले. माझी बायको कंटाळून माहेरी गेली."

राजा पोट धरून हसला. शिपायाला जेवू घालून गप्प करता येतं, पण उपाशी कावळ्याला कोण गप्प करणार? आळी हलवायचा हुकूम त्यानं तिथंच मागं घेतला.

तेवढ्यात सगुणा आली. कडेवर पोर, हातात तांब्या. तिनं राजाकडे पाहिलं नाही की लोकांकडे पाहिलं नाही. सरळ बापासमोर येऊन तांब्या त्याच्या हातात दिला.

सटवाजीनं आत पाहिलं. तांब्याचा तळ स्वच्छ दिसत होता. त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि सगळ्यांसमोर शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. मिशा पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"गोड आहे गं," तो कसंबसं म्हणाला. "कुठनं आलं म्हणायचं हे?"

"वरून आलं, आबा," सगुणा म्हणाली. "माझ्या माहेरून."

त्या दिवसापासून आळीत ‘खाली गेलं’ हे घाणीबद्दल कुणी म्हणेनासं झालं. लेक सासरी परत निघाली, की तेवढंच म्हणतात, पोरगी खाली गेली. आणि सटवाजीच्या ओट्यावर रोज सकाळी कावळ्यासाठी एक तुकडा ठेवलेला असतो. त्याची बायको परत आली म्हणतात.

बोध एवढाच, मंडळी: धाकानं आणि बक्षिसानं माणूस घाण लपवायला शिकतो, पण ती कुणाच्या दारी जाते हे दिसलं आणि ती आवरण्यात आपलंही भलं आहे हे कळलं, म्हणजे तो ती आवरतो.