पट्ट्याखालचं नाव

लसी न्यायचा नवा फ्रिज पिकअपच्या हौद्यात चढला, त्याला हळद-कुंकू लागलं, नारळ फुटला, आणि तुळशीराम ड्रायव्हरच्या डोक्याला ताप झाला. डॉक्टर वळवी मॅडम म्हणाल्या होत्या, "फ्रिजवरून दोन पट्टे आवळ. घाटात कलंडला तर सहा पाड्यांच्या पोरांच्या लसी वाया जातील." त्याने आवळले. तेवढ्यात सभापती जामसिंगदादा पुढे आले.

"हे काय? माझं नाव झाकलंस."

झाकणभर लाल अक्षरांत दादांचं नाव, गाव आणि पद रंगवलेलं होतं. तुळशीरामने पट्टे उजवीकडे सरकवले तर गाव झाकलं, डावीकडे सरकवले तर पद गेलं. आडवे घातले तर काहीच उरलं नाही.

"सोड ते पट्टे," दादा म्हणाले. "एवढा जड फ्रिज कुठे जातोय?"

तुळशीरामने मॅडमकडे पाहिलं, मग दादांकडे. कोणाचं ऐकावं ते त्याला कळेना. पट्ट्याच्या कडीला हात घालून तो डोकं खाजवत म्हणाला, "सोडतो दादा. फक्त एक सांगा. घाटात हा रस्त्यावर पडून फुटला, तर लोक उचलून कोणाच्या दारात आणून ठेवतील?"

दादांनी झाकणाकडे पाहिलं. नाव, गाव, पद, सगळं लांबूनही वाचता येत होतं.

मग ते स्वतःच हौद्यात चढले. त्यांनी पट्टा बरोबर नावावरून घेतला, गुडघा टेकवून आवळला आणि विचारलं, "आणखी एखादा दोर आहे का रे?"