आमराईची दवंडी

भानुदेव राजाच्या दिवाणाला आरडाओरडा तेवढा ऐकू यायचा. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांनी राजवाड्यापुढे ठाण मांडलं, तेव्हा कचेरीत त्यांच्यासाठी दुभाष्या आला. डोंगरातल्या कोलामांचे खटले मात्र त्यांना एक अक्षर न कळताच निकालात निघत.

"कोलामांना नको का दुभाष्या?" राजाने एकदा विचारलं.

"दवंडी पिटून विचारलं, महाराज. कुणाचीच तक्रार नाही."

दवंडी अर्थातच मराठीत पिटली होती. मध विकायला बाजारात येणारी लेतूबाई कोलाम होती, पण तिला मराठीही येई. हे ऐकून ती थेट राजापुढे गेली आणि म्हणाली, "एक दवंडी मला कोलामीत पिटू द्या." काय पुकारणार ते तिने हळूच सांगितलं. राजा हसला आणि हो म्हणाला.

संध्याकाळी ती डफ वाजवत दिवाणाच्या दारावरूनच गेली. कटकट नको म्हणून दिवाणाने खिडकी लावून घेतली.

सकाळी बघतो तर राजाची आमराई रिकामी, आणि कोलाम पाट्या भरभरून डोंगर चढताहेत. दिवाणाचा तिळपापड झाला.

"महाराजांनी आमराई सगळ्यांना खुली केली होती," लेतूबाई म्हणाली. "दवंडी पिटली, पण तुम्ही आलाच नाहीत. म्हटलं, तुम्हाला आंबे नको असतील."

"अगं, तू काय पुकारत होतीस ते मला कळलंच नाही."

"मग तशी तक्रार करायची होती, दिवाणजी. कोलामीत."

दुभाष्या त्याच दुपारी कचेरीत बसला. आंबे मात्र दिवाणाला पुढच्या वर्षीच मिळाले.