खोडलेलं उदाहरण

डोंगराच्या उतारावर एक रान होतं. त्या रानात पाखरांची शाळा भरत असे, आणि त्या शाळेत एक साळुंकी शिकवत असे. बाई मायाळू होती, पण भारी तापट. माणसांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, तिचा चोचीच्या शेंड्यावर असे.

राग कशाचा म्हणाल, तर निबंधांचा. पिल्लं पळसाच्या पानावर काट्याने निबंध लिहीत. त्यांत सगळं काही असे, फक्त उदाहरण नसे. विज्ञानाच्या तासाला बुलबुलाच्या पोराने लिहिलं, 'उष्णतेने पाण्याची वाफ होते.' साळुंकी कडाडली, "कुठे झाली? चैत्रात आपलं डबकं आटलं आणि तू चिखलात चोच खुपसून रडत बसलास, ते कुठे आहे यात?" इतिहासाच्या तासाला होल्याच्या मुलीने लिहिलं, 'आपले पूर्वज फार शूर होते.' "शूर म्हणजे काय केलं त्यांनी? तुझ्या पणजीने घारीच्या तोंडावर झेप घेऊन अंडी वाचवली, ते लिहायला पान पुरलं नाही का गं?" भूगोल असो की व्याकरण, बाईंचं पालुपद एकच. "म्हणजे कसं, ते सांग." पिल्लांनी मागून तिचं नावच 'म्हणजे-कसं-बाई' ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं.

बाळांनो, तुम्हीही हसलात ना? हसा बापडे. पुढचं ऐकून हसू येतं का ते बघू.

त्या रानाची एक रीत होती. सुगी संपून खालच्या शेतातली ज्वारी कापून झाली, की धसकटांत सांडलेले दाणे टिपायला पाखरं खाली उतरत. त्याच दिवसांत फास लावणारी माणसंही येत. म्हणून उतरण्याआधी शाळेतला एक निबंध निवडून मोठ्या खडकावरून वाचायचा आणि तो सगळ्या पिल्लांनी पाठ करायचा. विषय दरवर्षी तोच, 'फास'. त्या धड्यात दुसऱ्या कुणी आपल्या पदरची भर घालायची नाही, की धड्याबाहेर पिल्लांना फासाविषयी काही सांगायचं नाही, असा सक्त नियम होता. निबंध निवडायचा मान मुख्याध्यापकांचा, म्हणजे मोराचा.

त्या वर्षी तितराच्या थोरल्या मुलीने, तितरीने, निबंध लिहिला. सुरुवात सगळ्यांसारखीच होती. 'फास घातक असतो. सुज्ञाने त्यापासून सदैव सावध असावे.' पण पुढे तिने लिहिलं होतं, 'फास घोड्याच्या शेपटीच्या केसाचा असतो आणि वाळल्या गवतासारखा दिसतो. सांडलेले दाणे इकडेतिकडे पडतात. जिथे ते ओळीने पडलेले असतात, तिथे फास असतो. माझी आई अशाच ओळीमागे दाणे टिपत गेली. तिने पाय ओढला तशी गाठ आवळली. दमून ती फास बांधलेल्या खुंटीकडे सरकली, तेव्हा गाठ सैल पडली आणि ती सुटली. तरी दोन बोटं गेली.'

साळुंकीने पान दोनदा वाचलं, पण 'म्हणजे कसं' काही तिने विचारलं नाही. तितरी घाबरली. "बाई, चुकलं का हो?"

"नाही गं पोरी. चुकलं असतं तर मी ओरडले नसते का?"

पान मोराकडे गेलं आणि परत आलं. पहिली दोन वाक्यं तेवढी जिवंत होती. बाकी सगळ्यावर काट्याने आडव्या रेघा मारलेल्या. साळुंकी तशीच उडाली आणि मोरासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, हे का खोडलंत?"

"पाल्हाळ आहे, बाई. आईचा पाय काय, घोड्याचं शेपूट काय. खडकावरून असलं घरगुती वाचायचं? थोर विचार दोन वाक्यांत मावतो. उदाहरणं मंद पोरांना लागतात."

"सावध राहायचं हे सगळ्यांनाच कळतं, सर. कशापासून, ते कोण सांगणार?"

"फासापासून. लिहिलंय की ठळक."

"आणि फास दिसतो कसा?"

"ते त्यांचं त्यांना कळेल," मोर म्हणाला, आणि त्याने पिसारा फुलवला. आता बोलणं संपलं, असा त्याचा अर्थ. या मोराला गावकरी देवळाच्या ओट्यावर मूठमूठ दाणे घालत. धसकटांत त्याने जन्मात पाऊल टाकलेलं नव्हतं. आणि हा फासाचा धडा निवडणार. मला सांगताना संताप होतो, तर त्या साळुंकीचं काय झालं असेल?

तिचं रक्त उकळत होतं. पण नियम म्हणजे नियम, म्हणून ती गप्प बसली. धडा खडकावरून वाचला गेला. सगळ्यांनी वाहवा केली. पिल्लांनी तो घडाघडा पाठ केला आणि सकाळी सगळी शेतात उतरली.

साळुंकी बांधावरच्या बाभळीवर बसली होती. बघता बघता तिला तितरीचा धाकटा भाऊ दिसला. तो एक दाणा टिपत होता, एक पाऊल पुढे टाकत होता, पुन्हा एक दाणा, पुन्हा एक पाऊल, सरळ ओळीत. तिने हाक मारली, पण तोवर तो धडपडून पडला होता. ती खाली झेपावली.

"पायाला काय आहे रे?"

"काही नाही बाई, गवत गुंतलंय," तो म्हणाला आणि पाय जोरात ओढू लागला.

"धडा पाठ केला होतास ना?"

"हो बाई, सगळा." आणि त्याने म्हणून दाखवला. 'फास घातक असतो. सुज्ञाने त्यापासून सदैव सावध असावे.' काना नाही चुकला की मात्रा नाही. गाठ मात्र त्याच्या पायात रुतत चालली होती.

बांधाच्या टोकाशी खांद्यावर पोतं टाकलेला माणूस दिसला. तेवढ्यात तितरी धसकटांतून धावत आली. "ओढू नकोस. तोच फास आहे. त्या खुंटीकडे सरक, आई सरकली होती तसा."

पोराचा विश्वास बसेना. खुंटीकडे, म्हणजे उलट अडकायलाच की. पण बहीण मागून ढकलू लागली, म्हणून तो सरकला आणि गाठ सैल झाली. साळुंकीने चोच घालून ती पायातून काढली. माणूस पोचला तेव्हा तिथे दोन पिसं आणि थोडं रक्त एवढंच होतं. पोर वाचलं. एक बोट मात्र कायमचं गेलं.

साळुंकी थेट खडकावर गेली. सगळं रान जमलं होतं. मोर म्हणाला, "वाईट झालं खरं. पण बाई, मी ठेवलेली वाक्यं चुकीची होती का?"

"नव्हती. त्याचाच तर मला राग आहे," साळुंकी म्हणाली. "तुमची वाक्यं अगदी बरोबर होती आणि पोर मरत होतं. पायात फास असताना त्याने ती न चुकता म्हटली. द्या त्याला पैकीच्या पैकी गुण. तो सुटला, तो तुम्ही पाल्हाळ म्हणून खोडलंत त्याच्यामुळे. आणि मीही नियम धरून गप्प बसले. यापुढे बसणार नाही."

मोराचा पिसारा आपोआप मिटला.

पुढच्या वर्षी सुगी संपली. मोर खडकावर चढला आणि वाचू लागला, 'फास घातक असतो.' दुसरं वाक्य तोंडातून निघण्याआधीच खालून सगळी पिल्लं एका आवाजात म्हणाली, "म्हणजे कसं?"

मोर थांबला. मग तितरीचा भाऊ लंगडत खडकावर चढला. त्याने पाय वर उचलला, आणि दाण्यांच्या ओळीपासून खुंटीपर्यंत सगळं सांगितलं. मोराने समोरचं पान बाजूला सारलं आणि तो पाय बघायला तोही पुढे झाला.

तात्पर्य : विषय कोणताही असो, विचार कितीही खरा असो, उदाहरणावाचून तो नुसता पाठ होतो, वेळेला उपयोगी पडत नाही.